चहा न पिणारा श्रीपती

आमच्या साखर कारखान्यात श्रीपती चिटबॉय होता, म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी शेतकऱ्याला पोचवणारा. वय पन्नाशीचं, तरी बॉयच! तेर गावचा गडी. सायकलीला ब्रेक नाही, चप्पल घासून थांबायचा. चिठ्ठी हातात देईपर्यंत कुणाच्या बांधावर चहा म्हणून घ्यायचा नाही. "तोडीची पाळी लागू द्या, मंग तांब्याभर पितो."

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात कारखान्यात युनिक्सचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर आला, नि गावच्या शाळेत शिकलेला मी त्यावर बसलो. काय ऐट माझी! शेल स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. माझी मोठी स्क्रिप्ट गावांच्या आठ गटांसाठी एक छोटी स्क्रिप्ट आठदा चालवायची नि चिठ्ठ्या छापायची. छोटीतले आकडे मोठीला मिळावेत म्हणून छोटीच्या नावाआधी मी टिंब दिलं. टिंब दिलं की छोटी वेगळी चालत नाही, मोठीच्याच अंगात चालते. आणि छोटीत मी लिहून ठेवलेलं: गटात ऊस नसेल तर एक्झिट, म्हणजे काम तिथंच बंद.

त्या साली सातव्या गटाचा सगळा ऊस चारा म्हणून जनावरांच्या छावणीला गेला. छोटी तिथं थांबली, तिच्यासंगं मोठीही. आठव्याच्या चिठ्ठ्या निघाल्याच नाहीत. मला वाटलं, त्यांची पाळी अजून यायचीय.

पंधरा दिवसांनी आठव्या गटातल्या मालनबाईनं वाळल्या उसाची मोळी ऑफिसच्या दारात, श्रीपतीच्या पायाशी टाकली.

"च्या पीत न्हाय म्हनं! आन आमची पाळी खातोस व्हय रं?"

"मावशे, चिठ्ठीच आली न्हाय."

"मंग काय मशीन खोटं बोलतंय?"

लोक हसले. मीही हसलो.

त्याच दुपारी मला त्या टिंबानं केलेला घोळ सापडला. एक्झिट खोडलं, चिठ्ठ्या छापल्या, नि गप बसलो. तिसऱ्या दिवशी श्रीपतीनं चिठ्ठ्यांची पिशवी खिळ्याला अडकवली नि गेला तो गेलाच.

दुनियाभरचे किस्से मी हसत सांगत आलो, हा एक सोडून. नऊ वर्षांनी तेरला त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्याची बायको पुतळाबाई दोन कप ठेवून गेली.

"मालनबाईला सांगितलं का?" श्रीपतीनं विचारलं.

"ती वारली, तीन सालं झाली."

"आन बाकीच्यास्नी?"

"कुणालाच नाही." त्यानं आपला कप हळूच बाजूला सारला.

"मंग राहू द्या. आधी त्यास्नी सांगून या."

माझाही चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी आठव्या गटाच्या पहिल्या गावाची एसटी धरली.