हिलालचं इंग्रजी गाणं

नशिराबादचा हिलाल लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मोसम संपला की घरांना चुना देई. ब्याऐंशी साली भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका ड्रायव्हरच्या घरी चुना देताना त्याने टेपवर एक गाणं ऐकलं. विलायतेतल्या कुठल्याशा रॉक बँडचं, तेव्हाच दहा वर्षं जुनं. पुढच्याच मोसमात ते वरातीत आलं आणि तिथून गेलंच नाही. सिनेमाची गाणी दरवर्षी बदलत. हे मात्र धरणगावापासून धुळ्यापर्यंत पोरं मागून घेत.

मी तीस वर्षं लोकनाट्यात काढलेली. माझ्या एका पदाला जत्रेत तीन-तीनदा वन्समोअर पडे. आता ते कुणाला आठवत नव्हतं. आणि याच्या गाण्यातला एक शब्द ना त्याला कळे, ना नाचणाऱ्यांना. मी जळत होतो. दुसरा शब्द नाही.

अठ्ठ्याऐंशीत माझ्या धाकटीचं लग्न ठरलं. बँडचा खर्च आमच्याकडे होता. सुपारी देतानाच मी हिलालला अट घातली, "ते इंग्रजी नाही. माझं पद वाजवायचं."

"नाना, बठ्ठा तेच मांगतस."

"माझ्या मांडवात नाही."

"तुम्हले शब्द दिधा," तो म्हणाला.

वरात मारुतीकडून निघाली. हिलालने माझं पद सुरू केलं. धुळ्याहून आलेले नवरदेवाचे मित्र थोडा वेळ थांबले, मग घोड्यापुढे रस्त्यावरच बसले. इंग्रजी वाजल्याशिवाय उठायचं नाही. हिलाल शब्दाचा पक्का. त्याने पद पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा निम्मी वरात चहाच्या टपरीवर होती. माझ्याच पदाने माणसं उठवून लावलेली मी पाहत होतो.

व्याही शालिग्रामभाऊ घाम पुसत आले. "नाना, भटजी ओरडतोय. दहा मिनिटं राहिली मुहूर्ताला. तुमचं पद पुढच्या मुलीच्या लग्नात वाजवू."

"हीच शेवटची," मी म्हणालो.

मांडवात धाकटी हार घेऊन उभी असणार. मी हिलालपाशी गेलो. "वाजव."

"शब्द मोकळा?"

"मोकळा."

त्याने दोनच सूर काढले आणि थांबला. सगळा रस्ता श्वास रोखून उभा. थांबायची ही जागा मला रंगमंचावर आयुष्यभरात चार-पाचदा सापडली असेल. मग सूर सुटले, आणि पोरं नाचत नाचत सात मिनिटांत मांडवात.

जेवणाला बँडवाल्यांची पंगत शेवटी बसली. मीच बट्टी वाढत होतो. हिलाल म्हणाला, "नाना, तुम्हनं पद बसाडाले माले बारा दिन लागनात. काय हरकती-मुरक्या शेत त्यामा. इंग्रजी ते एक दुपारमा बसी गयं."

बिचारा मला मान देत होता. मी मान हलवली, त्याच्या बट्टीवर तुपाची वाटी उपडी केली आणि वाढायला पुढे सरकलो. बारा दिवसांचं ते पद आम्हा दोघांशिवाय आता कुणालाच येत नव्हतं.