चार खणांतली अक्षरं

पडदा वर जातो. जळगावातला एक छापखाना, १९८९ सालातली सकाळ. उजवीकडे शाई लावून सज्ज असलेलं मशीन, डावीकडे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसपुढे उभे उखर्डू आबा. गाव शिंदखेडा, बोली अहिराणी, शिक्षण सातवी, एकतीस वर्षं खिळे जुळवण्यात गेलेली. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची, पण बोटं अशी की खणाकडे न बघता नेमकं अक्षर उचलावं.

"मशीन लावू नका, शेठ. मजकूर चुकेल शे."

बन्सीलालशेठनी कपाळाला हात लावला. "आबा, पुस्तिका उद्या द्यायचीय. कॉलेजचं काम गेलं तर तुम्हाला जुळवायला काय देऊ, हे कपाळ?"

पुस्तिका लिहिणाऱ्या मंदा मॅडम शेवटचं प्रूफ बघायला तिथंच बसल्या होत्या. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एका एन्झाइमला ओळीनं जी-जी-सी-सी दिसलं की ते तिथं डीएनए कापतं. मॅडमनी एक हजार चोवीस अक्षरं मनानं, अगदी सरमिसळ करून लिहिली होती आणि मुलांना काप शोधायला सांगितलं होतं.

"यात काय चुकलं, आबा?" त्यांचा आवाज जरा चढला.

"ताई, पहिला जी चारात एकदा. लागून दुसरा जी सोळात एकदा. मग सी चौसष्टात, अन् चौथं अक्षर दोनशे छप्पनात. तुमीच पुस्तिकेत लिहेल शे ना? मंग हजारात चारेक काप पाहिजेत. इथं एकबी नाही."

"तुम्ही मोजलंत?"

"मोजायचं काय काम? एक अक्षर लागोपाठ दोनदा आलं की हात त्याच खणात राहतो, तेवढाच विसावा. काल दिवसभर हाताला विसावा नाही. तुमी जोडी येऊच दिली नाही, ताई."

मॅडमनी प्रुफावरून पेन्सिल फिरवली. पहिलं पान, दुसरं पान. जोडी कुठेच नव्हती. त्या हसल्या. "सरमिसळ करायच्या नादात मीच पहारा दिला की."

आबांनी डब्यात चारही अक्षरांचे पन्नास-पन्नास खिळे टाकले. डोळे मिटून एक काढायचा, अक्षर सांगायचं, खिळा परत टाकून डबा हलवायचा. मॅडम नव्यानं हजार चोवीस अक्षरं लिहीत गेल्या. दुपारचे दोन वाजले. शेठ येरझारा घालत होते. शेवटी तेही कागदावर वाकले आणि काप मोजू लागले.

"तीनच," ते म्हणाले. "चार म्हणत होतात, आबा. आता?"

आबा मात्र चष्मा पुसत होते, शांतपणे.

"चारच्या आसपास म्हटलं होतं, शेठ. नेमके चारच यायला ती काय हजेरीपटावरची माणसं शेतस?"