चौथा खांदा

माझी ड्यूटी नगरला कॅम्पातल्या टेलिफोन एक्सचेंजवर होती. बायकांची पलटण नुकतीच उभी राहिली होती. आम्हाला खाकी साड्या, बूट आणि फोटो डकवलेलं ओळखपत्र मिळालं. ते मंगळसूत्रासारखं जपा, असं सुभेदारसाहेब बजावत. हसाल तुम्ही, पण रोज राम राम करणारा गेटवरचा गार्डसुद्धा ते पाहिल्याशिवाय आत सोडत नसे.

बेचाळीसच्या धामधुमीचे दिवस. शहरात जमावबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस हटकत, आणि ऐकलं नाही तर थेट गाडीत घालत. लोक तारा कापत, आमचे लाइनमन जोडत. त्यांच्यात लान्स नायक बाबू होता, पारनेरकडचा. तार जोडली की खांबावरूनच फोन लावून मला विचारायचा, "एक्सचेंज, आवाज येतोय का?"

मी म्हणायची, "स्पष्ट."

"मग चहा पाठवा वर."

त्या सकाळी मी "स्पष्ट" म्हटलं आणि चहाचं काही आलंच नाही. लाइन मेली होती. कुजका खांब त्याच्यासकट खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील गेनबा चार पुतण्यांना घेऊन आले. अग्नी आपल्या हातानं द्यायचा, एवढंच त्यांचं मागणं. साहेबांनी मान्य केलं. लाइनमन सगळे बाहेर, म्हणून कागदपत्रं देऊन मला बरोबर पाठवलं. लष्करी गाडीनं आम्हाला वेशीपाशी सोडलं. तिथून सीना नदीकाठच्या मसणापर्यंत चालत जायचं. चौघांनी तिरडी उचलली, गेनबा विस्तवाचं मडकं घेऊन पुढे झाले.

नाक्यावर फौजदारानं हात आडवा केला. माणूस वाईट नव्हता, पण वरून हुकूम कडक होता. पाच जण म्हणजे जमाव. चारच पुढे जातील, म्हणाला. एकाला इथं ठेवा, नाहीतर हातगाडी करा.

गेनबा म्हणाले, "पोरगं हाय माझं, पोतं न्हाई."

पण मडकं धरणारा तर पाहिजेच, आणि तिरडीला तीन खांदे कसे चालतील? मग फौजदाराची नजर माझ्याकडे वळली.

"आणि तुम्ही कोण?"

मी ओळखपत्र पुढे केलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"मी ड्यूटीवर आहे," मी म्हटलं. "मला जमावात धरता येणार नाही."

"ते खरं," तो म्हणाला.

मी धाकट्या पुतण्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी उभी राहिले. थोरला पुटपुटला, बाईमाणूस मसणात येत नाही, खांदा कसला देते. मलाही ते ठाऊक होतं. माझ्या वडिलांना मी दारातूनच हात जोडले होते.

गेनबांनी मागं वळून पाहिलं.

"पोराच्या पलटणीतली हाय ती. दे गं बाई खांदा."

वाटेत मला तिरडी जड लागली, बूट चावले, पण थांबले नाही. धाकटा नाक्यावरच बसून राहिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाबू लढाईत पडला नाही, त्यामुळे त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. म्हणून मी सांगते: लान्स नायक बाबू, लाइनमन, चहाचा शौकीन.

मसणाच्या तोंडाशी पोलीस शिपाई उभा होता. त्यानं माझी खाकी पाहून मला वगळलं, बाकीच्यांना बोट दाखवत मोजलं आणि म्हणाला, "चार. जाऊ द्या."

बाबूला धरून आम्ही सहा होतो.