उजवा कौल

आमच्या गावात लग्न असो, विहीर असो की भांडण, निकाल लागेना की देवळात कौल. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन कळ्या पाण्याने चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पुढे कोणी ब्र काढायचा नाही.

माझं लग्नही असंच देवाच्या गळ्यात घातलं. कूळकायदा आला होता नि बाबांची भातशेती कसणाऱ्या कुळांच्या नावावर जाऊ घातली होती. गावच्या सभेत तो कायदा वाचून दाखवणारा पोरगा आमच्याच एका कुळाचा, आणि माझा जीव जडला नेमका त्याच्यावर! जमीन गेली ती गेली, आता पोरगीही नेतोय म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. मीही काही कमी नव्हते. मुंबईचं चांगलं स्थळ तोंडावर नाकारलं. शेवटी आईने कौलाचं काढलं. डावा आला तर मुंबईचं स्थळ मुकाट्याने पत्करीन, असं मी कबूल केलं. काय अवदसा आठवली कोण जाणे.

गाभाऱ्यात गुरव आणि बाबा, उंबऱ्याशी मी; आई, भावकी सगळी बाहेर मंडपात. गुरवाला मोतीबिंदू, कुठली कळी पडली ते बाबांनीच सांगायचं. गाऱ्हाणं संपत आलं नि डावी कळी पडली. मी स्वच्छ पाहिली. पण शब्द दिला होता, मान खाली घातली.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग वाकून ती कळी मुठीत घेतली आणि मंडपात ऐकू जाईल असं म्हणाले, "उजवो दिल्यान महाराजान."

माझ्या नवऱ्याला अजून वाटतं, देव कुळांच्या बाजूने होता. वाटू दे बापड्याला. त्या एका खोट्यावर माझा सोन्यासारखा संसार झाला. बाबांचे ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. बाबा आणि मी त्याबद्दल कधी बोललो मात्र नाही.

पुढे बाबा आजारी पडले. ऑपरेशन करावं की नको ठरेना, तेव्हा आई म्हणाली, कौल घेऊया. देवाला विचारल्याशिवाय आंब्याचं कलमही न लावणारा माणूस तो. त्यांनी आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"थंय जावक माका आता तोंड नाय," ते म्हणाले.