फ्यूज उडायचा थांबला तेव्हा

मंडळी, आमच्या जुन्या पिनबॉल मशीनचा फ्यूज सारखा उडायचा. गेल्या आठवड्यात बाबांनी हात लावला आणि ते थांबलं. बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, म्हणून मीही निर्धास्त.

आज दुपारी खेळताना जळका वास आला. प्लग काढून मागचं झाकण उघडलं. आतल्या कॉइलची वायर वितळली होती आणि फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळलेली!

"बाबा, हे काय?"

"सारखा उडत होता ना? कायमचा बंदोबस्त केला."

"अजून कुठे केलंय असं?"

"घरच्या मेन बोर्डात जाड तार घातलीय. वीस वर्षांत एकदा तरी फ्यूज उडाला का?"

मेन स्विच बंद करून हे लिहितोय. तुमच्याकडे फ्यूज शेवटचा कधी उडाला होता, आठवतंय का?