मूठभर सरकी

पेचकसाची मूठ दातांत धरायची, टोक चालत्या मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. आमच्या मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते या अवतारात. मी अमरावतीहून अकोल्याच्या कंपनीत नुकतीच लागले होते. हातात कोरी डायरी आणि अंगात कोरी इंजिनिअरकी होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला झटकाबिटका आला.

"मिस्तरी, हे काय करून राहिले तुम्ही?" मी जवळ जाऊन विचारलं.

त्यांनी पेचकस तोंडातून काढला, शर्टाला पुसला आणि वरच्या खिशात खोचला. "कानानं अर्धंच ऐकू येते, पोरी. दातानं पुरं ऐकू येते." मग त्यांनी एक नट पाव फेरा फिरवला. इतका वेळ खरखरणारी मशीन लगेच गुणगुणायला लागली. मी डायरीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

अशी माणसं तुमच्याही कामावर असतील. त्यांचं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे नसतं आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही. आमच्या मिस्तरींना तर ऑफिसात फार खोल माणूस समजत. कारण विचाराल त्याचं सरळ उत्तर मिळेलच असं नव्हतं. "चहा घेता का?" असं कोणी मागून विचारलं, तर ते चार पावलं पुढे जाऊन म्हणायचे, "होईन, सारं बराबर होईन." विचारणारा दिवसभर त्यावर विचार करत बसे. समोर बसून बोलायला लागलं की तोंडाकडे टक लावून पाहायचे. नव्या मुली बिचकायच्या, पण त्या नजरेत एकाग्रतेशिवाय काही नव्हतं.

आमची कंपनी कापसातून रुई आणि सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी करणारी मशीनं बनवते. त्यातली काही आफ्रिकेला गेली. ती बसवून, चालवून, तिथल्या माणसांना शिकवून यायला वर्ष लागणार होतं. मशीन समजणारे म्हणून मिस्तरी आणि इंग्रजी समजणारी म्हणून मी, अशी निवड झाली. माझ्या आईने आधी नाहीच म्हटलं. मग मिस्तरींना घरी जेवायला बोलावलं, पातोडीची भाजी वाढली आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "मिस्तरीभाऊ, तुमच्या भरवशावर धाडून राहिली मी पोरीले. ध्यान ठेवजा."

"काई काळजी करू नका, वैनी," ते म्हणाले. "हाक मारली का हजर होईन मी."

हे वाक्य विसरू नका. मी विसरले होते.

पहिलं भांडण विमानतळावरच झालं. तपासणीवाल्याने त्यांच्या खिशातला पेचकस काढून घेतला. मिस्तरी हटेनात. त्या माणसाच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचं थे चालते, मंग माह्यंच हे काहून नाई चालत?" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी मी धावत जाऊन तो त्यांच्या मोठ्या बॅगेत टाकून आले. विमानात बसल्यावर त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. बावळट मी, त्याचंही मला हसूच आलं.

टांझानियात आम्ही कापूसपट्ट्यातल्या एका छोट्या गावी राहिलो. जाण्याआधी मी स्वाहिलीची चाळीस वाक्यं पाठ केली होती. पहिल्याच बाजारात एका बाईला मी वांग्यांचा भाव विचारला. तिने माझं वाक्य शांतपणे ऐकलं, शेजारणीला बोलावलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. दोघी डोळे पुसेस्तोवर हसल्या. तेवढ्यात मिस्तरी पलीकडच्या दुसरीपुढे उकिडवे बसून चक्क वऱ्हाडीत विचारत होते, "काय व बाई, वांगे किडके तं नाईत ना?" तिने एक वांगं फोडून दाखवलं. मिस्तरींनी मिरच्या निवडल्या, दगडावर कशा कुटायच्या ते हातवारे करून तिला समजावलं, आणि वांगी, मिरच्या, वर तिच्या घरच्या जेवणाचं आमंत्रण घेऊन परत आले.

"तुम्हाला कसं काय समजते हे?" मी चिडून विचारलं.

"मले साऱ्या भाषा सारख्याच हायेत, पोरी."

ते मिरवत आहेत, असं मला वाटलं.

आठवड्याभरात त्यांनी अख्ख्या शेडला ठेचा खाऊ घातला. तिथले लोक मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून खातात, त्याच्याशी तो झकास लागतो. तिघे जण नळाकडे पळाले, घटाघटा पाणी प्यायले आणि ताट घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. मिस्तरींचा मान वाढला तो मशीनमुळे की ठेच्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं फिरलं. तिथले कामगार मिस्तरींना पाठीमागून सरकी मारायचे. ढिगातून मूठभर उचलायची आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर फेकायची! मिस्तरी वळायचे, हसायचे, त्यांच्याकडे जायचे. आपल्या माणसाची अशी टिंगल? आम्ही अमरावतीचे, ऐकून घेणाऱ्यातले नाही. मी तिथल्या मुकादमाला, जुमाला, शेडच्या मधोमध उभं करून वडीलधाऱ्यांचा मान कसा ठेवावा यावर इंग्रजीत भाषण दिलं. जुमाने ते पूर्ण ऐकलं, मिस्तरींकडे पाहिलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला.

आता कानाला हात लावला म्हणजे माफी मागितली, हे काय सांगायला पाहिजे? मी मोठ्या मनाने माफ केलं. दुसऱ्या दिवशी सरकी पुन्हा सुरू.

"मारू दे व, लाड करून राहिले थे," मिस्तरी म्हणाले.

रोज दुपारी ते बाळापूरजवळच्या गावी बायकोला फोन करायचे, तोही व्हिडिओवरच. "ठीक हाय ना? जेवली का? मी बी जेवलो. ठेवतो." एवढंच बोलणं, पण फोन डोळ्यांसमोर धरून तिच्या तोंडाकडे पाच-पाच मिनिटं पाहत राहायचे. कधी नेट अडकलं आणि चित्र जाऊन नुसता आवाज राहिला की लगेच बंद करायचे. "आवाजात काय हाय? तोंड दिसलं पाह्यजे." मला ते फार गोड वाटायचं. मी आईला सांगितलं, तर आईने बाबांना ऐकवलं.

सहा महिन्यांनी आम्ही बेनिनला गेलो. तिथे कारभार फ्रेंचमध्ये, म्हणजे माझी इंग्रजी पेटीबंद. आता मिस्तरी माझे दुभाषी झाले. तिथला मुकादम पाच मिनिटं तावातावाने बोलायचा, मी मिस्तरींकडे पाहायची आणि ते सांगायचे, "थो म्हणते, पट्टा ढिला हाय. अन् आज लवकर जाऊ द्या म्हणते, घरी सासरा आला." मी हसले. पट्टा पाहिला, तर खरंच ढिला. संध्याकाळी मुकादमाने फाटकावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याची ओळख करून दिली. तो सासराच होता! मी मिस्तरींना कोपरापासून हात जोडले.

आणि मग ती दुपार आली. मशीनं बंद होती. मिस्तरी पाठमोरे, सरकीच्या ढिगाजवळून चालले होते. मागून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उलटा येत होता. ट्रॉलीवर कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यामुळे चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नव्हतं. तो भोंगा वाजवत होता. मी ओरडले, "मिस्तरी, बाजूला व्हा!" एकदा, दोनदा, गळा फाटेस्तोवर. ते आपले सावकाश चालले होते. आमच्यामध्ये दहा पावलांचं अंतर, ट्रॉली त्याहून जवळ. धावून पोचले नसते. पायाशी सरकी होती. मी मूठ भरली आणि जीव खाऊन फेकली. पाच-सात बिया त्यांच्या मानेला लागल्या असतील.

ते ताबडतोब वळले. "आलो, आलो!" असं हसत म्हणाले, ट्रॉली दिसली आणि त्यांनी ढिगावर उडी टाकली.

ट्रॅक्टर थांबला. माझ्या डोळ्यांसमोर जुमा उभा राहिला, कानाला हात लावलेला.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "किती वर्षं झाली?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, नेहमीसारखंच. मग सरकी झटकत म्हणाले, "धा-बारा. जिनाच्या खडखडाटात चाळीस वर्सं काढल्यावर कोनाचे कान राह्यते?"

"सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं तं शेडमंदून काढते. घरी बसून मी काय करू? बायको बोलते थे दिसते, ऐकू येत नाई. नातू हसते थे दिसते, ऐकू येत नाई. मशीन तेवढी ऐकू येते मले. दातानं."

मी भोकाड पसरलं. आजूबाजूला सगळे जमले, तरी थांबेना. मिस्तरींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको व. मले ऐकू बी येत नाई, फुकटची मेहनत."

रडता रडता मी इतकी हसले, की बघ्यांना काही कळेना.

कंपनीला मी दर महिन्याला अहवाल पाठवायची. त्यात हे लिहिलं नाही. बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. मात्र मी अट घातली, की शेडमध्ये माझ्याशिवाय फिरायचं नाही. पुढचे पाच महिने माझ्या दोन्ही खिशांत सरकी असायची. जेवायला चला, एक मूठ. फोन आला, एक मूठ. माझा नेम इतका पक्का झाला, की पंधरा पावलांवरून त्यांच्या टोपीवर मारायची. कधी काम नसतानाही मारायची. ते वळायचे, मी दुसरीकडे पाहायची, आणि ते वऱ्हाडीत जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत आनंदाचं वर्ष होतं.

परत आल्यावर अकोल्याला कंपनीने आमचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला. मालक माइकवरून म्हणाले, "आता मिस्तरी दोन शब्द बोलतील." मिस्तरींनी टाळ्या वाजवल्या. मालक पुन्हा म्हणाले. मिस्तरींनी आणखी जोरात वाजवल्या. माझ्याकडे तेव्हा सरकी नव्हती. सगळे आपल्याकडेच पाहतात म्हटल्यावर ते उठले आणि हातातला नारळ त्यांनी मालकांनाच देऊन टाकला. सभा हसली, आणि मग एकेक जण हसायचा थांबला.

मालक वाईट नाहीत. त्यांनी मिस्तरींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता आराम करा." त्याचा अर्थ मिस्तरींना तोंडाकडे पाहूनच कळला.

तीन महिन्यांनी त्यांच्या बायकोचा फोन आला. "काय सांगू बाई तुले, दिवसभर पेचकस तोंडात. मिक्सर लावला का यायचे दात मिक्सरले. परवा फ्रीज ऐकत बसले. काल तं शेजारच्याच्या ट्रॅक्टरले दात लावून आले! लोक हासतात." मीही हसले. मग फोन ठेवून न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

त्या दिवशी मी जुमाला पत्र पाठवलं. काही लपवलं नाही. मिस्तरींना ऐकू येत नाही, इथे त्यांना कोणी कामावर घेणार नाही, तुमच्या मालकांना विचारून माणसं शिकवायला घ्याल का, असं सरळ लिहिलं.

त्याचं उत्तर चार ओळींचं होतं. "ऐकू येत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्हालाही तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना पाठवा. त्यांच्या मागे कायम एक माणूस उभा राहील."

मी ते कितीदा वाचलं असेल! आम्ही दहा-बारा वर्षं त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत होतो. त्या लोकांना त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून ते त्यांच्याकडे नीट पाहत होते.

मिस्तरी टांझानियाला गेले. या वेळी दुभाषी नव्हता. पेचकस त्यांनी आपणहून मोठ्या बॅगेत ठेवला. "शिकलो बाप्पा," म्हणाले. बायकोने ठेच्यासाठी खलबत्ता दिला, त्याने वजन वाढलं, म्हणून चार सदरे काढून ठेवावे लागले.

परवा त्यांचा फोन आला, अर्थात व्हिडिओवर. मागे आमचीच मशीन धडधडत होती. माझं बोलणं त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि त्यांचं मला. त्यांनी फोन खिडकीत उभा करून ठेवला, पेचकस दातांत धरला, मशीनला टेकवला आणि डोळे मिटले. मी अमरावतीत स्वयंपाकघरात बसून नुसती पाहत होते. आई म्हणाली, "कोनाशी बोलून राहिली?" मी म्हटलं, "कोणाशीच नाही."

मग बाजूने एक हात आला आणि मूठभर सरकी त्यांच्या पाठीवर पडली. मिस्तरींनी डोळे उघडले, पेचकस शर्टाला पुसून खिशात खोचला आणि मागे वळून चालू लागले. पांढऱ्या केसांत दोन-चार बिया अडकल्या होत्या. ओठ दिसत नव्हते, पण ते काय म्हणाले हे मला कळलं. "आलो, आलो." फोन बंद करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.