पान वाचल्याशिवाय बोलायचं नाही

मध्य प्रदेशात, देवासला आमचं एक मराठी वाचक मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते भरतं, पुस्तकावर बोलतं आणि पोहे खातं. पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही, कायद्याबद्दल आहे. ज्याला पुस्तकावर बोलायचं असेल त्यानं आधी त्यातलं एक पान सर्वांसमोर मोठ्यानं वाचायचं. अडखळला की बसायचं. का, तर म्हणे आपली मराठी टिकली पाहिजे. संस्थानी कारकुनांच्या नातवंडांना कुठला तरी दरबार हवाच असतो. राज्य गेलं, मुजरा उरला.

मी पत्रकं लिहिते. बसभाडं, पाण्याची टाकी, बंद पडलेला दवाखाना, काहीही. अन्यायाचा वास मला लांबून येतो. मंडळाच्या बैठकीत तर तो हिंग-मोहरीच्याही आधी यायचा.

त्या महिन्याचं पुस्तक म्हणजे जादूची एक जाडजूड कादंबरी. अध्यक्षांच्या सुनेनं ती भेट दिली होती, म्हणून ती आपोआप साहित्य ठरली. त्यातली जादू भलती महाग. प्रत्येक मंत्रामागे, मारणारा कुणीही असो, त्याला आपला एक शब्द कायमचा देऊन टाकावा लागे. 'दूध' दिलं, की मग जन्मभर पेल्याकडे बोट दाखवत बसा.

या खेपेची चर्चा अध्यक्षकाकांच्या घरी होती आणि तिच्यासाठी माझी मावसबहीण कन्नौदहून आली होती. ती हिंदी शाळेत शिकली, आता तिथल्याच औषधांच्या दुकानात काम करते. घरात मराठी बोलते, पण छापलेली मराठी समोर आली की तिची गाडी खडीच्या रस्त्याला लागते. म्हणून तिनं ही कादंबरी फोनवर ऐकली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा. तिला द्वारपाल या पात्रावर बोलायचं होतं. येताना बसमध्ये तिनं तालीमसुद्धा केली होती. आपणही वाचक आहोत हे त्या खोलीत कुणीतरी मानावं, एवढ्यासाठी ती आली होती.

आधी मानकरी बोलले. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी पान खणखणीत वाचलं आणि राजकन्येचं पात्र उथळ असल्याचा निकाल दिला. अध्यक्षकाकांनी पान वाचताना डोळे मिटले, म्हणजे त्यांना ते पाठच असावं. "महामांत्रिक म्हणजे साक्षात त्याग!" ते म्हणाले. माना डोलल्या.

मग माझ्या बहिणीची पाळी. पहिल्याच ओळीत 'डोळे'चे 'डोले' झाले.

"ळ, बाळा, ळ," बाई म्हणाल्या.

पुढच्या ओळीत ती जोडाक्षरावर अडली. कुणीतरी खाकरलं. काकांनी हात वर केला.

"तू वाचलं नाहीस ना? नुसतं ऐकलंस?"

"हो काका. पण पूर्ण ऐकलं."

"मग मागच्या खुर्चीवर बस. ऐकणाऱ्यांनी ऐकावं."

मी उठलेच. "काका, कीर्तनाला बसलेल्या माणसाला बुवा पान वाचायला लावतात का?"

"तुझं पत्रक इथे नको वाटूस," काका म्हणाले. सगळे हसले. आमच्याकडे विनोद अध्यक्षांनी केला की तो सर्वानुमते मंजूर होतो.

बहीण मागे गेली नाही. तिनं फोन काढला. "निदान ऐका तर. द्वारपाल."

आवाज खोलीभर झाला. ध्वनिपुस्तक वाचणारा गडी पुण्याकडचा असावा. राजा, राजकन्या, महामांत्रिक, सगळ्यांना त्यानं कडक इस्त्रीची मराठी दिली होती. द्वारपालाला मात्र, छापील पुस्तकात तसं काहीही नसताना, त्यानं आमच्या माळव्याच्या मराठीत बोलायला लावलं: "अरे भिया, कुठं घुसून राहिला? दरवाजा बंद आहे ना!"

दिवाणखाना ताठ झाला. काका लालबुंद. "टिंगल! ही आपली टिंगल आहे! आपल्याला चौकीदार बनवून राहिले हे लोक! अरे भिया, बंद कर ना ते!"

स्वयंपाकघरात काकू इतक्या हसल्या की हातातला झारा खणकन पडला. काकांना कारण कळलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे निषेध जाहीर केला आणि माझ्याकडे वळले. "आता लिही पत्रक." माझं पेनही निघालं होतं. निषेध म्हटला की माझा हात मेंदूला विचारत नाही.

"थांबा ना," बहीण उभ्या उभ्याच म्हणाली. "मला तो वाईट नाही वाटला. वाचणाऱ्यानं थट्टेसाठी केलं असेल, करू दे. पण गोष्टीत काय होतं ते बघा. महामांत्रिक शेवटी काय बोलतो? काहीच नाही. मंत्र मारून मारून सगळे शब्द संपले. राजकन्येनंही तेच केलं, तिच्याकडे 'नको'सुद्धा उरत नाही, म्हणून तर ते लग्न लागतं. ती उथळ नाही, बाई, तिच्याकडे शब्दच नाही. द्वारपालाला किती वेळा सांगतात, एक शब्द दे, सोन्याचं दार देतो. तो देत नाही. शेवटच्या प्रकरणात साऱ्या राज्यात बोलून राहिलेला तो एकटाच. आणि तो आपल्यासारखा बोलतो. पुस्तकात माझ्या घरचं माणूस मला पहिल्यांदा भेटलं."

काकांनी घसा साफ केला. "त्यागाचा अर्थ असा आहे की..."

"काका, तुम्ही ऐकलंय?"

"मी वाचलंय!"

"वाचलं ना. पण आपण आता ऐकलेल्यावर बोलतोय. तुम्ही पण आधी एक प्रकरण ऐका, मग बोला."

काकांनी आधारासाठी आजूबाजूला पाहिलं. बाईंकडे, उपाध्यक्षांकडे, पंख्याकडे. ऐकलेलं कुणीच नव्हतं. बोलायची लायकी ठरवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यातला एकही आज लायक निघेना. मी पेनाचं टोपण लावलं. म्हणण्यासारखं बरंच होतं, पण खोली तिची होती.

तेवढ्यात बाई खुर्ची सरकवत तिच्याजवळ आल्या. "ते लग्नाचं प्रकरण लाव बरं." बहिणीनं इअरफोन काढून दिले. बाईंनी ते चष्म्याच्या दांडीखालून कानात नीट बसवले आणि कपाळाला आठी घालून ऐकू लागल्या.

"काय म्हणतोय तो?" काकांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे न बघता हातानंच गप्प बसायला सांगितलं.